कोऱ्या रकान्यातले वणवे

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी मला फोनवर एक नकाशा पाठवलात. तुमच्या घरामागच्या डोंगरांवर लाल, नारिंगी, पिवळे पट्टे होते, आणि खाली थोरलीने लिहिलं होतं, "आजी, आम्ही पिवळ्यात आहोत, काळजी करू नकोस." काळजी मी केलीच. पण त्याहून अधिक वेळ मी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका तुकड्याकडे पाहत बसले. त्याला काहीच रंग नव्हता. तिथे आग नाही म्हणून तो पांढरा होता, की तिथून कुणी काही कळवलं नव्हतं म्हणून?

आजीला असला प्रश्न का पडावा, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही पाहिलेली आजी म्हणजे मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी आणि विमानतळावर चार तास आधी पोचणारी बाई. पण तुमची आई शाळेत होती तेव्हा वणव्यांचे असे नकाशे रंगवणं हे माझं कामच होतं, आणि ते मी सुरतेत बसून करत होते. त्यातली एक गोष्ट तुमच्या आईलाही अर्धीच ठाऊक आहे. ती लिहून ठेवते.

सुरतेचं नाव घेतलं की लोकांना साड्या आणि हिरे आठवतात. जंगल कुणाला आठवत नाही. पण शहरापासून पूर्वेला बसने पाच तास गेलं की सागाचे आणि बांबूचे डोंगर लागतात. वन खात्याच्या ज्या लहानशा कार्यालयात मी नोकरी करत होते, तिथून त्या डोंगरांतल्या काही रेंजांचा कागदी कारभार चाले. रेंज म्हणजे एका रेंजरच्या ताब्यातला जंगलाचा तुकडा. मी संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली, तीही इंग्रजीतून, म्हणून साहेबांना इंग्रजी पत्र लिहायचं असलं की मी, आणि तक्ता आखायचा असला तरी मीच. सर्वांत लांबच्या रेंजचे रेंजर तुमचे आजोबा होते.

लग्न झालं तेव्हाच माझी नोकरी सुरतेत आणि त्यांची डोंगरात होती. दोघांपैकी एकाची बदली होईल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. नानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या होत्या, तिथे तुमची आई आणि मी. ते पंधरा दिवसांनी शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या बसने जायचे. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत वणव्यांचा हंगाम. त्या चार महिन्यांत रेंजरला रजा नाही. आम्ही तिकडे जायचो ते दिवाळीत आणि मे महिन्याच्या शेवटी, कारण मधल्या काळात शाळेच्या परीक्षा. त्यामुळे त्यांचं जंगल मी हिरवं पाहिलं होतं आणि वाळलेलंही पाहिलं होतं, पण होळीच्या सुमारास, ऐन पेटण्याच्या दिवसांत कधीच पाहिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

सकाळी साडेआठला आणि दुपारी चारला वायरलेसवर सगळ्या रेंजांचा अहवाल येई. वायरलेस चालवणारे गृहस्थ मूळचे धुळ्याकडचे, वयाने माझ्याहून थोडे मोठे. गोडादऱ्यात राहायचे, दोघे भाऊ पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात. त्यांनी घरातली अहिराणी कचेरीतही सोडली नव्हती. वयाने मोठे असून मला ते ताई म्हणत, मी त्यांना भाऊ म्हणे, आणि मी ताई म्हणून तुमचे आजोबा त्यांचे दाजी. "ताई, या लवकर, दाजी बोली ऱ्हायनात!" अशी हाक आली की मी पेन्सिल घेऊन त्यांच्या टेबलाशी जायची.

त्या यंत्रावर सगळ्या रेंजा एकमेकींचं ऐकत असत. खासगी बोलायला मनाई होती, आणि आमच्यात तेवढा धीटपणाही नव्हता. "तापमान अडतीस. वारा पश्चिमेचा, मंद. गवत सुकलेलं. आगी निरंक. ओव्हर." निरंक म्हणजे शून्य, काही घडलेलं नाही. मी सगळं वहीत उतरवून घ्यायची आणि जे वहीत उतरत नसे ते घरी न्यायची. 'तापमान' म्हणताना आवाज चिरकला की घसा बसलाय. आकडे भराभर सांगितले की जेवण झालेलं नाही. एकदा ते 'मंद' असं इतकं निवांत म्हणाले, की मला दिवसभर बरं वाटलं.

वायरलेसवाले भाऊ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "दाजींनी नुसता वारा सांगितला, नि तुम्ही हसनात काय?"

"तुम्ही यंत्र सांभाळा," मी म्हणाले.

मग प्लेग आला. तेव्हाचं सुरत तुम्हाला मी कितीही सांगितलं तरी कळणार नाही. चार दिवसांत निम्मं शहर स्टेशनवर होतं. मी तुमच्या आईला घेऊन, मिळेल त्या गाडीने, धुळ्याला माझ्या भावाकडे गेले. शेजाऱ्यांकडे निरोप ठेवावा तर शेजारीच गेलेले. फोन लागत नव्हते. सगळे सुरतेतून बाहेर पडत असताना तुमचे आजोबा जवळजवळ रिकाम्या बसमधून सुरतेत आले, आणि त्यांना दाराला कुलूप दिसलं. आम्ही गावाला गेलोय की दवाखान्यात आहोत, हे सांगणारं कुणी नव्हतं. दोन दिवस ते तोंडाला रुमाल बांधून इस्पितळांच्या दारांत आमची नावं विचारत फिरले. तिसऱ्या दिवशी भावाची तार कार्यालयात पोचली तेव्हा त्यांना कळलं. ते धुळ्याला आले. तुमच्या आईला कडेवर घेऊन, ती काही कडेवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती तरी, अंगणात फिरत राहिले.

त्यानंतर त्यांनी सुरतेला बदलीचा अर्ज केला. त्याआधी कधी केला नव्हता. जंगल सोडायचं त्यांच्या मनात नसे आणि मीही आग्रह धरला नव्हता. शहराच्या कडेला खात्याची एक रोपवाटिका होती, तिथली जागा प्लेगनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात रिकामी होणार होती. आमचे साहेब भरूचकडचे, सज्जन आणि सावध. ते मला म्हणाले, "बेन, जेनी रेन्ज शांत, एने खसेडवामां वांधो नहीं." ज्याची रेंज शांत आहे त्याला हलवायला हरकत नसते, पण जिथे सारख्या आगी लागतात तिथला जाणता माणूस उन्हाळ्याच्या तोंडावर कोण काढेल? बदल्यांची यादी एप्रिलच्या सुरुवातीला निघायची होती. आमच्या घरात त्या वर्षी याहून दुसरा विषय नव्हता. तुमच्या आईने कॅलेंडरच्या एप्रिलवर कागदाची बस चिकटवली होती.

आता माझं पत्रक. दर उन्हाळ्यात खातं वणव्यांसाठी राखणदार नेमायचं. हे तिथल्याच पाड्यांवरचे लोक. उंच जागी बसून धूर बघायचा, जाळरेषा झाडून ठेवायच्या, आग दिसली की हिरव्या फांद्यांनी बडवून विझवायची. जाळरेषा म्हणजे आगीला ओलांडता येऊ नये म्हणून जंगलात मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा. राखणदार मोजके, आणि प्रत्येक रेंजरला वाटे आपल्याला जास्त हवेत. दरवर्षी जो वायरलेसवर मोठ्याने बोले त्याला जास्त मिळत. मला ते बघवेना. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर मी साहेबांना म्हटलं, आपण हे मोजून करू या.

मी प्रत्येक रेंजसाठी पाच रकाने आखले. मागच्या तीन वर्षांत किती आगी लागल्या, गवत किती सुकलंय, वारा कसा आहे, रस्ता किती लांब आहे, पाणी किती लांब आहे. प्रत्येकाला गुण. मागच्या आगींना मी सर्वांत जास्त गुण ठेवले, कारण मला शिकवलं होतं की पुढचं सांगायचं तर मागचं बघावं. बेरीज करायची, आणि भिंतीवरच्या नकाशात ती रेंज लाल, पिवळी किंवा पांढरी करायची. दर शनिवारी नवं पत्रक.

साहेब खूश झाले. "आ तो बहु कामनुं छे, बेन." त्यांनी ते वरच्या कार्यालयालाही पाठवलं.

तुमच्या आजोबांची रेंज पांढरी आली. तिथला आगींचा रकाना तीन वर्षं कोरा होता. खरं सांगते, मला आनंद झाला. मी पेन्सिल ठेवली आणि पुन्हा एकदा बेरीज करून पाहिली, तीही तीच आली. पांढऱ्या रेंजमध्ये बारा राखणदार कशाला? आठ जण शेजारच्या लाल रेंजला द्यावेत, असं पत्रकातून आपोआपच निघालं. साहेबांनी सही केली आणि हुकूम वायरलेसवर गेला. पलीकडून थोडा वेळ नुसती खरखर आली. मग तुमचे आजोबा म्हणाले, "समजलं. ओव्हर."

वायरलेसवाल्या भाऊंनी कानावरचं यंत्र काढलं. "ताई, दाजीसना माणसं तुम्हीच काढी लिधात?"

"मी नाही, पत्रकाने," मी म्हणाले. हे वाक्य मला अजून आठवतं.

त्या वर्षी होळीला जोडून रविवार आला. तुमच्या आईची परीक्षा आठवडाभर पुढे गेली होती, आणि तिने हट्ट धरला. शनिवारी दुपारी आम्ही दोघी बसमधून उतरलो तेव्हा तुमचे आजोबा स्टँडवर उभे होते. ते हसले, पण चेहऱ्यात काहीतरी कमी होतं. तुमच्या आईच्या आधी लक्षात आलं.

"बाबा, तुमच्या भुवया कुठे गेल्या? तुम्ही अंड्यासारखे दिसताय!"

"स्टोव्ह भडकला," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. डाव्या मनगटावर केस नव्हते. मी पिशवी त्यांच्या उजव्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोहाची फुलं बघायला गेलो. मोहाचं झाड तुम्ही पाहिलेलं नाही. होळीच्या सुमाराला त्याची पानं गळतात आणि मग पहाटेपासून फुलं टपटप पडायला लागतात, मण्यांसारखी, पिवळसर, गोड. तिथल्या घरांचं वर्षाचं बरंचसं त्यावर चाले. प्रत्येक घराची आपापली झाडं ठरलेली. मी अशा दिवसांत पहिल्यांदाच आले होते, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की प्रत्येक मोहाखाली जमीन काळी आहे. स्वच्छ गोल काळं वर्तुळ, आणि त्यावर पिवळी फुलं. मी चालता चालता वर्तुळं मोजायला लागले. सतरापर्यंत मोजली आणि थांबले.

एका झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिची बोली मला आता हुबेहूब आठवत नाही, पण बोलणं आठवतं. मी विचारलं, हे जाळता कशाला? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू शेणाने घर का सारवता असं मी विचारलं होतं.

"पाला जाळला नाही तर फूल दिसेल कसं? पाल्यात हात घालून साप वेचू का?"

"मग आग पसरत नाही?"

"पसरते की. तुझा रेंजर असतो ना उभा." आणि ती हसली. "तो म्हणतो, जाळायचं तर दंव असताना जाळा, मला सांगून जाळा. आता माणसं कमी केलीत त्याची. एकटा किती झाडांपाशी उभा राहील?"

ती हे बोलत होती तेव्हाच वरच्या उतारावरून कुणीतरी ओरडलं. एका झाडाखालचा पाला पेटवला होता आणि आग वर्तुळातून बाहेर निघून गवतात शिरली होती. ती मोठी नव्हती. गुडघ्याएवढी, एका शेताच्या बांधाएवढी लांब. पण तिचा आवाज मी विसरले नाही, कोऱ्या कागदाचे गठ्ठे कुणी भराभर फाडावेत तसा. तुमचे आजोबा माझ्या शेजारून धावत गेले. दोन राखणदार, चार-पाच बायका, सगळ्यांनी फांद्या मोडून घेतल्या. मी तुमच्या आईला धरून उभी राहिले. पंधरा मिनिटांत आग विझली. म्हातारीने तोवर तिची टोपली भरून घेतली होती.

ते परत आले, पायातली चप्पल झटकली. मी म्हणाले, "अहो, ही आग उद्या सकाळच्या अहवालात सांगणार ना?"

"कसली आग? विझली ना."

"विझलेलीच सांगायची असते. लागलेल्या किती, विझवलेल्या किती, दोन वेगळे रकाने आहेत."

"तुझे रकाने चांगले आहेत गं." ते खाली बसले. "पण आग लिहिली की गुन्हा लिहावा लागतो. कुणावर लिहू? त्या म्हातारीवर? तिला तालुक्याला खेटे घालायला लावू? त्यापेक्षा मी शेजारी उभा राहतो, जाळू देतो, बाहेर गेली तर विझवतो. आठ वर्षं हेच चाललंय."

"म्हणजे तीन वर्षांतली एकही निरंक नोंद खरी नव्हती."

"नव्हती."

"मग आठ माणसं काढली तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्याकडे आगी नाहीत, पण माणसं जास्त द्या?" ते हसले. हसण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीन आठवडे. यादी निघाली की मी आलोच. नवा माणूस येईल, तो नव्याने मांडेल काय ते. तोवर तू काही बोलू नकोस."

"आणि तीन आठवड्यांत जोराचा वारा सुटला तर?"

"सुटेल, नाहीतर नाही सुटणार."

पावसाळ्याआधी घराची कौलं तीनतीनदा बघणारा, जाळरेषेवरचं पान न् पान झाडून घेणारा माणूस असं बोलला. त्यांना घरी किती यायचं होतं, ते मला त्या वाक्याने कळलं. उताराच्या खाली गवताने शाकारलेल्या घरांचे पाडे दिसत होते. राखणदारांची घरंही त्यांतच होती.

परतीच्या बसमध्ये तुमची आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. वाटेत व्यारा आल्यावर जागी झाली आणि म्हणाली, "बाबा एप्रिलमध्ये येणार हे मी वर्गात सांगून टाकलंय." मी तिचे केस सारखे केले.

तुम्हाला वाटेल मी फार विचार केला असेन. खूप केला, पण निवड करायला नव्हे. निवड मी ते पत्रक आखलं तेव्हाच करून टाकली होती. जे पत्रक खोटं आहे हे मला ठाऊक आहे, त्याच्यावर माणसं इकडून तिकडे हलवायची कशी? विचार केला तो दुसऱ्याच गोष्टीचा. गप्प राहिले तर काय काय मिळेल, हे मी बसमध्ये एकेक करून मनात मांडलं. संध्याकाळी मी घरी पोचले की दार ते उघडतील. तुमच्या आईला गणितं ते शिकवतील. रविवारी नदीकाठच्या चौपाटीवर जाऊ. सगळं नीट मांडून झालं आणि सुरतेच्या वेशीवरचं उधना आलं.

सोमवारी सकाळी मी नवं पत्रक केलं. तुमच्या आजोबांच्या रेंजला लाल रंग दिला. सहावा रकाना आखला, त्याला नाव दिलं 'मोह', आणि खाली लिहिलं: या रेंजमध्ये नोंद नाही याचा अर्थ आग नाही असा मी घेतला होता, ती पत्रक करणारीची चूक आहे.

साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला. "आ तमने कोणे कह्युं?"

"कोईए नहीं, साहेब. में जोयुं." कुणी नाही, मी स्वतः पाहिलं.

"क्यारे?"

"काले."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग हिंदीवर आले. फार गंभीर काही बोलायचं असलं की ते हिंदीत बोलत. "बेन, आपको मालूम है ना, बदली की फाइल मेरी मेज़ पर है? नर्सरीवाली जगह के लिए इनका नाम मैंने ही लिखा है."

"मालूम है, साहेब."

"आज शनिवार नहीं है. शनिवार तक सोच लीजिए. मैंने ये कागज़ देखा ही नहीं."

ते चांगले गृहस्थ होते. माझ्यासाठी दार उघडं ठेवून त्यांनी तोंड फिरवलं होतं. मी म्हणाले, शनिवारपर्यंत पाच दिवस वारा कसा असेल ते मला सांगता येत नाही. त्यांनी सही केली.

दुपारच्या वायरलेसवर हुकूम गेला. आठही राखणदार परत पाठवत आहोत. या हंगामात लागलेल्या सर्व आगी, नोंदलेल्या आणि न नोंदलेल्या, ताबडतोब कळवाव्यात. माफी असेल. 'माफी असेल' हे साहेबांनी स्वतःहून घातलं होतं. पलीकडून खरखर. मला वाटलं यंत्र बंद केलं त्यांनी.

मग आवाज आला, "लिहून घ्या."

वायरलेसवाले भाऊ उठून उभे राहिले आणि मला त्यांची खुर्ची दिली. तुमचे आजोबा एकेक आग सांगायला लागले. तारीख, जागा, किती जमीन जळली, कशी विझवली. त्यांना सगळ्या तोंडपाठ होत्या. वडाच्या नाल्याजवळ. जुन्या बांबूच्या राईत. टेकडीच्या पाठीमागे, पहाटे. प्रत्येक आगीनंतर ते थांबत आणि मी बटण दाबून "पुढे" म्हणे. इतर रेंजा आपापल्या जागी गप्प बसून ऐकत होत्या.  त्या यंत्रावर आमचं इतकं लांब बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. एका ठिकाणी ते म्हणाले, "सव्वीस फेब्रुवारी. त्या दिवशी," आणि थांबले. सव्वीस तारखेला त्यांचा आवाज मला बसलेला वाटला होता आणि मी तो सर्दीचा धरला होता. "त्या दिवशी धूर बराच होता," ते म्हणाले. मी म्हणाले, "पुढे."

झाल्यावर वायरलेसवाल्या भाऊंनी मला पाणी आणून दिलं. 

एप्रिलच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. नोंदी खऱ्या झाल्यावर त्यांची रेंज सर्वांत अवघड ठरली, आणि इतकी अवघड रेंज इतकी कमी जळलेली ठेवणारा माणूस हलवायचा नाही, असं वरच्या कार्यालयाने लिहिलं. तुमच्या आईने कॅलेंडरवरची बस काढली नाही, एप्रिलचं पान मात्र लवकर उलटलं.

आणि त्या उन्हाळ्यात मोठी आग लागलीच नाही. वारा एकदा तीन दिवस सुटला, पण कुठे काही झालं नाही. राखणदार होते म्हणून झालं नाही, की नसते तरी झालं नसतं? मी आकड्यांची बाई. मी हे कितीतरी वेळा कागदावर मांडून पाहिलं. जी आग लागली नाही तिचा रकाना कुठल्याच पत्रकात घालता येत नाही. तीन आठवडे गप्प बसले असते तर कदाचित सगळं मिळालं असतं आणि कुणाचं काही गेलंही नसतं. हे मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही.

मेअखेरीस आम्ही गेलो. मी त्यांना विचारलं, "अहो, रागावला होतात?"

"दोन दिवस," ते म्हणाले. "मग आठ जण आले, आणि त्या दुपारी मी महिन्याभरात पहिल्यांदा पाय पसरून झोपलो. उठल्यावर राग कुठे ठेवला ते सापडेना."

तुमच्या आईला अंघोळीला टॉवेल हवा होता. ती आत गेली आणि तिने हाक मारली, "आई, बाबांचं कपाट रिकामं आहे!" मी आत गेले. कपाटात खरोखर काही नव्हतं. सगळे कपडे खाटेखालच्या ट्रंकेत होते, घड्या घालून, वर दाढीचं सामान, बाजूला बूट फेब्रुवारीतल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. फेब्रुवारीतच त्यांनी सामान बांधून ठेवलं होतं. यादीत नाव आलं नाही, तरी त्यांनी ते परत कपाटात लावलं नव्हतं. रोज ट्रंकेतून सदरा काढायचे, रोज धुऊन ट्रंकेतच ठेवायचे.

"बाबा, बदली झाली का तुमची?" तुमच्या आईने विचारलं.

"अजून नाही," ते म्हणाले आणि तिला टॉवेल काढून दिला.

पुढचे चार उन्हाळे दर शनिवारी मी पत्रक केलं आणि दर शनिवारी त्यांची रेंज लाल केली. बेरीज तशीच येत होती. त्या लाल रंगाचा अर्थ असा होता, की हा माणूस तिथेच हवा आहे, आणि तो रंग मीच भरत होते. म्हाताऱ्या बाईवर मात्र कधी गुन्हा लिहिला गेला नाही. साहेबांनी मोहाखालच्या आगीसाठी वेगळा रकाना मान्य करून घेतला होता, त्याच्यापुढे नाव लिहायची जागाच मी ठेवली नाही.

पाचव्या वर्षी रोपवाटिकेतली जागा पुन्हा रिकामी झाली आणि त्यांची बदली झाली. तुमची आई तोवर शिकायला बडोद्याच्या वसतिगृहात गेली होती. इतकी वर्षं मी रोज दोन ताटं घेत होते, एक तिचं, एक माझं. ते आले त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला, पाट मांडले. ताटं दोनच लागली.